शून्य पटाचे कोष्टक

बदलापुरात आंबेडकरांचा विषय निघाला की ३ मे १९२७ चा उल्लेख होतो. त्या दिवशी ते इथल्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष होते. त्याआधी २० मार्चला महाडचे चवदार तळे झाले होते आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला होता. या तारखांच्या गर्दीत १२ मार्च मागे पडतो. मुंबई विधिमंडळात नुकतेच नेमले गेलेले, छत्तिशीही न गाठलेले बॅरिस्टर त्या दिवशी शिक्षण खात्याच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्या भाषणात घोषणा जवळजवळ नाहीत, आकडे आहेत. मी इथल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे मला ते वरचेवर वाचावेसे वाटते.

मुंबई सरकारने तेव्हा इलाख्यातल्या लोकांचे चार वर्ग केले होते : पुढारलेले हिंदू, मराठा व तत्सम जातींचा मधला वर्ग, मुसलमान, आणि अस्पृश्य, डोंगरी व गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा मागासलेला वर्ग. लोकसंख्येत मधला वर्ग पहिला, मागासलेला दुसरा, मुसलमान तिसरे आणि पुढारलेले हिंदू शेवटचे. शिक्षणाचा क्रम मात्र वेगळाच होता.

प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्यांची ११९ मुले होती, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८, मागासलेल्यांची १८. माध्यमिक शाळेचे आकडे दर लाखाला आहेत : अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४. महाविद्यालयाचे दर दोन लाखांना : १०००, ५२, १४ आणि शून्य.

हजार, लाख, दोन लाख असा छेद का बदलत जातो, असे वर्गात हमखास विचारले जाते. उत्तर सोपे आहे. सगळीकडे हजारच ठेवला, तर माध्यमिक शाळेतल्या मागास मुलांची संख्या ०.१४ येते. एका मुलाचा सातवा हिस्सा कोष्टकात कसा लिहिणार? छेद वाढवत नेला तेव्हा कुठे माणसे दिसू लागली, आणि दोन लाखांवरही शेवटच्या रकान्यात कोणी दिसले नाही.

आता सगळे दर लाखाला आणून पाहू. पुढारलेल्यांत प्राथमिकला ११,९०० आणि माध्यमिकला ३०००, म्हणजे साधारण चारास एक. मधल्या वर्गात ३८०० ला १४०, सत्तावीसास एक. मागासलेल्यांत १८०० ला १४, सुमारे एकशे अठ्ठाविसांस एक. (हे एकाच वेळचे पट आहेत, तीच मुले वर चढत गेल्याचा हिशेब नव्हे, पण कल येतो.) प्राथमिक शाळेत पुढारलेला आणि मागासलेला यांच्यातले अंतर साडेसहा पटींचे, माध्यमिकला तेच दोनशे चौदा पटींचे. आधी प्राथमिक शाळा काढू, वरचे पुढे पाहू, ही तेव्हाची लाडकी समजूत या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. गळती वरच्या पायऱ्यांवर जास्त होती, म्हणून मदतही तिथेच हवी होती.

कारणांपैकी एक त्यांनी हिशेबानेच दाखवले. कला महाविद्यालयांच्या खर्चाचा ३६ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून निघत होता. त्यांना हे शिक्षणाचे व्यापारीकरण वाटले. शब्द आजचा वाटतो, पण भाषण १९२७ चे आहे. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी २.१७ रुपये मिळवते, हा टोलाही त्याच भाषणात आहे.

उपायांबाबत मात्र ते अनेकांना चकवतात. मागास विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांवर खर्च होणारा पैसा वसतिगृहांकडे वळवावा, असे त्यांनी मागितले. रोख रक्कम गरीब घरात पोचली की घरच्या गरजेत विरते. अभ्यासाला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तर मुलगा टिकतो. हे पुस्तकी मत नव्हते. सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह १९२५ मध्येच सुरू झाले होते. शिवाय ते स्वतः १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले होते. शिष्यवृत्तीने काय साधते आणि काय साधत नाही, हे त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी पुढचा प्रश्न काढला : विद्यापीठाचा कारभार जिथे ठरतो त्या सिनेटवर मागास वर्गाचे लोक असणार की नाही? इतर लाभ एक वेळ सोडता येतील, उच्च शिक्षणावरचा हक्क सोडता येणार नाही, हा त्या भाषणाचा आशय होता.

अमेरिकेत काळ्या विद्यार्थ्यांसाठी हीच लढाई चालू होती. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि डुबॉइस यांचे उत्तरही आले. पण जात म्हणजे वंश, हे समीकरण आंबेडकरांनी कधी मानले नाही. १९१६ च्या कोलंबियातल्या निबंधापासून ते त्याला विरोध करत आले. दोन अन्यायांत साम्य असू शकते, मूळ एकच असले पाहिजे असे नाही, ही त्यांची शिस्त मला आज विशेष मोलाची वाटते. सध्या दोन्ही शब्द फार सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात.

वसतिगृह की रोख, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना आज महाराष्ट्रात स्वाधार योजनेतून खात्यावर रक्कम मिळते. १९२७ ची मागणी इथे नेमकी उलटी झाली आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीला मुंबईत एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, वसतिगृहात नाही. भाड्याची खोली घेतली तर रक्कम मिळू शकेल. पण खोलीचे डिपॉझिट आधी भरावे लागते आणि हप्ता नंतर येतो. तिच्या वडिलांकडे डिपॉझिटचे पैसे नाहीत. सध्या ती पहाटेची लोकल धरते. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशी गर्दी वाढत जाते, तोवर ती खिडकीशी बसून वाचते. परतीला बसायला मिळतेच असे नाही. पहिल्या सत्राची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.