पोरगी पीएच.डी. करते म्हणते…

लावणीचे दिवस आणि एम.एस्सी.चे निकाल साधारण एकाच सुमारास येतात. घरची माणसे चिखलात, डोक्यावर इरली, आणि अशा गडबडीत मुलगी हळूच विषय काढते, "बाबा, मला पीएच.डी. करायची आहे." बाबा विचारतात खर्चाचे, आई विचारते लग्नाच्या वयाचे, आणि चुलीपुढची आजी विचारते, "म्हंजे सुई टोचणारी डॉक्टरीण का गो?" तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. महाड-पोलादपूरच्या घरांत त्यांची नीट उत्तरे द्यायला जाणते माणूस क्वचितच जवळ असते, म्हणून हा लेख.

आजींचे आधी पाहू. पीएच.डी.चा डॉक्टर सुई टोचत नाही. ज्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही असा एक प्रश्न तो घेतो, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली चारपाच वर्षे प्रयोग करतो, जे सापडले ते प्रबंधात लिहितो आणि बाहेरच्या जाणकारांपुढे त्याची परीक्षा देतो. आपल्याकडच्या कोकमाचेच बघा ना. बी लावून झाड वाढवायचे, सहासात वर्षे वाट पाहायची, आणि मग कळायचे की झाड नर आहे, फळ धरणारच नाही! अशी निम्मीअर्धी झाडे फुकट जात. कलमे बांधून मादीझाडाची खात्रीची रोपे करण्याची रीत अशाच संशोधनातून शेतकऱ्याच्या हाती आली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यात मोठे काम केले आहे.

आता खर्चाचे. याबद्दल घरोघरी जो गैरसमज आहे, तो एकदा मोडला पाहिजे. बी.एस्सी., एम.एस्सी.ला आपण फी भरतो. पीएच.डी.ला, परीक्षा पास होऊन रीतसर गेले, तर उलट विद्यार्थ्यालाच दरमहा पैसे मिळतात. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट नावाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षालाही अर्ज करता येतो. तिच्यात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जे.आर.एफ., मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. एवढी रोख रक्कम आपल्या भातशेतीतून वर्षाकाठी किती घरांत सुटते, ते ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

जे.आर.एफ. हुकली म्हणून रडत बसू नये. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात, आणि नुसता पीएच.डी.पुरता पात्र असा वेगळा वर्ग त्या निकालात असतो. राज्य सरकारच्या संस्थांचीही अधिछात्रवृत्ती आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. मात्र जागा ठरावीक असतात आणि पैसे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात पडतीलच असे नाही. चारसहा महिने निभावेल एवढी गाठ पदरी ठेवूनच घराबाहेर पडावे.

कृषी पदवीधरांचा रस्ता थोडा निराळा. दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी या चार कृषी विद्यापीठांचे पीएच.डी. प्रवेश पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होतात. इंजिनियर झालेल्यांसाठी 'गेट' परीक्षा. ती फेब्रुवारीच्या सुमारास होते व तिचे गुण तीन वर्षे चालतात. आणि इंजिनियरिंगच्या पीएच.डी.साठी मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. महाडहून माणगावकडे जाताना हमरस्त्यालगत लोणेरे लागते. १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तिथेच आहे, आणि तिथे पीएच.डी. होते. ज्यांचे नाव त्याला दिले, ते बाबासाहेब १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेले होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली तीही त्याच वर्षी. हे आपल्या महाडकरांनाही फारसे ठाऊक नसते.

परीक्षा हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा म्हणजे मार्गदर्शक, आणि मुले चुकतात ती इथेच. संस्थेचे नाव पाहून जातात, माणूस पाहत नाहीत. 'शोधगंगा' या नावाने देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध मोबाइलवर फुकट वाचता येतात. आपल्या आवडीच्या विषयावरचे चारदोन प्रबंध काढावेत, ते कोणाच्या हाताखाली झाले ते पाहावे, आणि त्या प्राध्यापकांना एक पानाचे पत्र लिहावे. "मला संशोधनाची अत्यंत आवड आहे" असले शंभर जण लिहितात. त्यापेक्षा त्यांच्या कामातले काय वाचले, काय कळले नाही आणि आपल्याला काय करून बघायचे आहे, ते लिहावे. दहा पत्रांना दोन उत्तरे आली तरी पुष्कळ. पुण्यात आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, मुंबईत आय.सी.टी., टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणि मासळीच्या विषयासाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, ही सगळी ठिकाणे एका दिवसात जाऊन पाहून येण्यासारखी आहेत. यांतल्या पुष्कळ ठिकाणी एखाद्या प्रकल्पापुरते सहायकही घेतात. ती नोकरी धरून, काम शिकून, मग पीएच.डी.ला नाव नोंदवणारे थोडे नाहीत. नेट दोनदा हुकलेल्या मुलाला मी हीच वाट आधी सांगेन.

नकार मिळाला तर? कमला सोहोनी, म्हणजे माहेरच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली पदवी घेऊन त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तर सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून जागाच नाकारली. बाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून एक वर्षासाठी घेतले. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी तिथे काम केले, पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली पीएच.डी. घेऊन आल्या. नंतर मुंबईला विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी नीरेवर संशोधन केले, गरिबांच्या मुलांना तिचा काय उपयोग होतो यासाठी. आज 'मुलगी आहे' म्हणून जागा नाकारता येत नाही. २०२२ च्या नियमांनी स्त्रियांना प्रबंधासाठी दोन वर्षे जास्त आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा दिली आहे. आईच्या प्रश्नाला हे अर्धेमुर्धे उत्तर. उरलेले अर्धे सासरच्या मंडळींनी द्यायचे.

विषय कुठून आणायचा, ही मुलांची नेहमीची अडचण. अहो, आपले दोन तालुके म्हणजे न सुटलेल्या प्रश्नांची कणगी आहे. सावित्री आणि गांधारी एकदम चढल्या आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर महाडच्या बाजारपेठेत पाणी किती वेळात येईल? २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये. डोंगर खाली यायच्या आधी जमिनीत किती पाणी मुरलेले असते, ते वाडीवर बसून मोजता येईल का? हा इंजिनियरिंगचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव आहेत. नाचणीचा करपा, वानर-रानडुकरांनी उजाड केलेली वरकस जमीन, कारखान्यांच्या सांडपाण्याने नदीतल्या मासळीचे काय होते, हे जीवशास्त्राचे. शहरातल्या मुलाला हे पुस्तकात वाचावे लागते. आपल्या मुलाने ते पाहिलेले असते. मुलाखतीत हे धीटपणे, मराठीमिश्रित इंग्रजीत का होईना, सांगावे.

एक सावधगिरी. 'प्रबंध आम्ही लिहून देतो, तुम्ही फक्त पैसे भरा' म्हणणारे दलाल हल्ली फिरतात. त्यांना दारातूनच पाणी देऊन वाटेला लावावे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने राजस्थानातल्या तीन खाजगी विद्यापीठांना नियम मोडल्याबद्दल पाच वर्षे पीएच.डी. प्रवेश देण्यास बंदी केली. पैसे भरण्याआधी आयोगाची यादी पाहावी.

आणि बाबांसाठी एक काम. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, उत्पन्नाचा व नॉन-क्रिमीलेयरचा दाखला या कागदांना वेळ लागतो, आणि जाहिरात निघाल्यावर मुदत असते थोडी. लावणी आटोपली की भात निसवायच्या आत तहसील कचेरीत एक खेप घालून ते करून ठेवावेत, आणि प्रत्येकाच्या चार प्रती काढून पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. गणपतीत पोरगी घरी येईल तेव्हा तिच्या हातात देता येतील.