बदलीवर आलेल्यांचे वाशीम

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. सरकारी दप्तरात या घटनेची नोंद नवा जिल्हा अशी असली, तरी वऱ्हाडचा इतिहास जाणणाऱ्यांना ती जुन्या हक्काची परतफेड वाटली. ब्रिटिश अमदानीत वऱ्हाडचे जे सहा जिल्हे होते, त्यांत ‘बासिम’ हा एक होता. १९०५ साली फेररचना होऊन तो मोडला गेला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेला. त्यानंतर ९३ वर्षे वाशीम हे तालुक्याचे गाव होते. एवढ्या काळात कचेऱ्या गेल्या, अंमलदार गेले आणि त्यांच्यासोबत परगावच्या माणसांना सामावून घेण्याची गावाची सवयही गेली.

ही शेवटची हानी कोणत्याही फेररचनेच्या आदेशात नमूद होत नाही. १९९८ नंतर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, कोषागार, जिल्हा रुग्णालय अशा संस्था एकामागून एक आल्या आणि त्यांच्याबरोबर परगावची माणसेही आली. कोकणातला अभियंता, कोल्हापूरकडची परिचारिका, बिहार किंवा उत्तर प्रदेशातून राष्ट्रीयीकृत बँकेत नेमणूक होऊन आलेला तरुण अधिकारी, अशी ही वस्ती आहे. त्यांतील पुष्कळांनी बदलीचा आदेश हाती पडण्यापूर्वी वाशीमचे नाव नकाशावरही शोधलेले नसते. २०१८ साली केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचा समावेश झाला. त्या यादीचा हेतू मागासलेपण दूर करण्याचा असला, तरी नोकरदारांच्या बोलण्यात अशा जिल्ह्यातली नेमणूक ‘शिक्षेची बदली’ ठरते. मग येणारा माणूस सामान सोडण्याआधीच परतीच्या गाड्यांची चौकशी करू लागतो.

नवख्या माणसाची गावाशी पहिली ओळख होते ती हॉटेलात. वऱ्हाडात ‘हॉटेल’ म्हणजे उतरण्याची जागा नव्हे. चार बाके, धगधगती भट्टी आणि काचेच्या कपाटात रचलेला फराळ एवढे असले की ते हॉटेल झाले. पुण्याकडून आलेला माणूस बटाटेवडा मागतो, त्याच्यापुढे आलुबोंडा येतो आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. पोह्यांवर झणझणीत तर्री ओतलेली पाहून तो प्रथम दचकतो आणि आठवड्याभरात ती मागून घेऊ लागतो. ‘काय करून राहिले भाऊ?’ या प्रश्नातील ‘राहिले’चा राहण्याशी काही संबंध नाही, हेही त्याला इथेच उमगते. खोली कोठे मिळेल, एकट्या पुरुषाला घर कोण देईल, पाणी कोणत्या दिवशी येते, दूध कोणाचे चांगले, अशी सर्व माहिती कार्यालयातील सहकाऱ्याआधी चहावाला देतो. जिल्हा प्रशासनाच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा ही सेवा अधिक विश्वसनीय आहे आणि तिचे मोल अर्ध्या कप चहाच्या किमतीहून अधिक नाही.

या हॉटेलवाल्याचा हिशेब मात्र मोठा बोलका असतो. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत त्याची भट्टी दिवसभर पेटलेली राहते आणि शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाईक विरळ होते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. ज्यांचे बिऱ्हाड अकोला, अमरावती किंवा नागपूर येथे आहे, त्यांना त्यामुळे दोन पूर्ण दिवस घरी मिळू लागले. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. कित्येकांना तेवढे अंतर रोजच्या ये-जा करण्यासही जास्त वाटत नाही. मुख्यालयी राहण्याचे नियम आहेत, त्यांच्या आठवणीची परिपत्रकेही अधूनमधून निघतात; परंतु परिपत्रकाने हजेरी भरता येते, बिऱ्हाड मांडता येत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रश्न कर्मचाऱ्यांच्या शिस्तीपुरता राहत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि तीत नागरी वस्तीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता. मोठे कारखाने नाहीत. सोयाबीन, तूर, हरभरा यांवर बाजार चालतो आणि पाऊस रुसला की तोही मंदावतो. अशा जिल्ह्यात दर महिन्याला नेमाने येणारा पैसा म्हणजे सरकारी पगार. पगारातला रुपया गावात खर्च झाला, तर तो खानावळवाल्याकडून भाजीवालीकडे, तिच्याकडून किराणा दुकानदाराकडे आणि पुढे शिंप्याकडे, रिक्षावाल्याकडे जातो. एकाच रुपयातून अनेकांची मिळकत होते. तोच रुपया शुक्रवारच्या गाडीने अकोल्यास गेला, की ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. जिल्ह्याचे ठिकाण मिळाल्याने वाशीमला किती लाभ झाला, हे मोजताना किती पगार येथे वाटला गेला याची बेरीज पुरेशी नाही. त्यातील किती येथे मुरला, हे पाहिले पाहिजे.

जाणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण पत्नीची नोकरी, मुलांच्या शाळा, घरी वृद्ध आईवडील, ही कारणे खोटी नसतात. विचार करायचा तो जे राहू शकतात त्यांचा: तरुण, अविवाहित, किंवा इतक्या दूरचे की शनिवार-रविवारी घरी जाणे शक्यच नाही. रविवारच्या सकाळी अशा माणसापुढे गाव काय मांडते?

मांडण्यासारखे थोडेथोडके नाही. हे शहर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, तेव्हा या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व विद्वानांच्या ध्यानात आले. संस्कृत व प्राकृत यांचे मिश्रण असलेला हा दानलेख नांदेडकडील एका गावाविषयी आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या वाकाटकविषयक लेखनामुळे हा इतिहास मराठी वाचकापर्यंत पोहोचला. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले, असे तेथील शिलालेखावरून दिसते. अजिंठा पाहण्यास जगभरातून माणसे येतात. ज्या राजघराण्याच्या काळात ती लेणी घडली त्याची राजधानी कोठे होती, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असते? राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मातच लावून दिला आहे. साहित्याच्या लग्नाचे गाव म्हणून मिरवायला दुसऱ्या एखाद्या शहराला एवढे निमित्त पुरले असते.

बालाजीचे मंदिर हे वाशीमचे आजचे मुख्य दैवतस्थान. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात दिवाणपदास चढलेल्या भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधले. मुसलमानी अमदानीत लपविलेल्या मूर्ती जमिनीतून निघाल्या, अशी परंपरागत कथा आहे. मंदिराचा भक्कम परिसर आणि लगतचे तळे पाहिले, की मध्ययुगीन वऱ्हाडातील श्रीमंतीची कल्पना येते. पद्मतीर्थ नवख्याला कोणीही दाखवील. मध्यमेश्वराकडे मात्र फारसे कोणी नेत नाही आणि खरे कुतूहल तेथे आहे. भारतीय ज्योतिषाने लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूकडे जाणारी जी मध्यरेषा कल्पिली, तिच्यावरील स्थळांत पहिल्या भास्कराचार्याने वत्सगुल्माची गणना केली आहे. ती रेषा या मंदिरावरून जाते, अशी स्थानिक समजूत आहे. आजच्या नकाशावर वाशीम उज्जैनच्या पुष्कळ पूर्वेस पडते, हे खरे. पण एके काळी काळाचे गणित ज्या रेषेवरून मांडले जाई तिच्यावर आपले बदलीचे गाव होते, हे कळल्यावर तेथे घालवावयाची तीन वर्षे थोडी वेगळी भासू शकतात.

वाशीमहून बाहेर पडण्याची तयारी असेल, तर शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. जैनांच्या दोन संप्रदायांतील वादामुळे दीर्घकाळ बंद राहिलेले त्याचे द्वार २०२३ साली उघडले. कारंजे हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना परिचित आहे. तेथील व्यापाऱ्याने हवेलीच्या गिलाव्यात कस्तुरी कालवली होती, ही आख्यायिका वृद्ध माणसे अजून सांगतात. पण कारंज्याची सर्वांत मोलाची ठेव तेथील जैन मंदिरांतील हस्तलिखितांची होती, आणि तिचे महत्त्व जगाला पटवून देण्यात मोठा वाटा परगावच्या एका माणसाचा होता. डॉ. हिरालाल जैन मूळचे आजच्या मध्य प्रदेशातले. नोकरीनिमित्त ते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून आले. सुटीचा वेळ त्यांनी कारंज्याच्या ग्रंथभांडारांत घालविला आणि १९३०च्या दशकात तेथील अपभ्रंश ग्रंथांचे संपादन करून ते प्रसिद्ध केले. आधुनिक भारतीय भाषांच्या इतिहासात अपभ्रंशाचा अभ्यास ज्या पायावर उभा राहिला, त्यात या ग्रंथांचा वाटा आहे. त्यांना कोणी मुख्यालयी राहण्याचे परिपत्रक धाडले नव्हते. भांडाराच्या कुलपाची किल्ली ज्यांच्या हाती होती, त्यांनी दार उघडले, हे या कथेतील तितकेच महत्त्वाचे अंग आहे.

अलीकडे बाहेरचा माणूस जिल्ह्यात आणण्याचे दोन मोठे उद्योग झाले. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला होता. तो याच जिल्ह्यातून जातो. संग्रहालयाने पाहुणा थांबेल, अशी आशा धरता येते. महामार्गाचे तसे नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला जिल्ह्याची हद्द केव्हा आली नि केव्हा गेली हे कळतही नाही. जुनी मीटरमापी रेल्वे संथ होती, पण ती वाशीमच्या फलाटावर थांबत असे आणि उतरून चहा घेण्याइतका वेळ देत असे. २००८ साली अकोला-पूर्णा मार्ग रुंदमापी झाला, ही निःसंशय सोय झाली. तिचा पहिला लाभ शुक्रवारी संध्याकाळी घरी जाणाऱ्यांनी घेतला, हा योगायोग मानावा.

चहाच्या दुकानाकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे, कारण वर त्याचे जे कौतुक केले ते अर्ध्याच नवख्यांना लागू पडते. परगावाहून आलेली परिचारिका, शिक्षिका किंवा बँकेतील तरुणी भट्टीसमोरच्या बाकावर बसून गावाची माहिती मिळवू शकत नाही. जुन्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ नावाचा पडदा लावलेला कोपरा असे. तेथे एकटी बाई बसली तर वेटरसुद्धा संकोचे. जिल्ह्याच्या गावांत आता काचेची दारे लावलेले ‘कॅफे’ निघू लागले आहेत. थंड कॉफीची किंमत पाहून जुनी मंडळी नाके मुरडतात आणि महाविद्यालयीन पोरांचा अड्डा म्हणून त्यांची हेटाळणी होते. तथापि एकट्या स्त्रीला तासभर पुस्तक घेऊन निर्धास्त बसता येईल अशी जागा त्यांनी प्रथमच पैसे घेऊन का होईना उपलब्ध करून दिली. ती जागा नसेल, तर तिच्यापुढे दोनच पर्याय उरतात: भाड्याची खोली आणि शुक्रवारची गाडी. तिने दुसरा पर्याय निवडला, तर तिच्यावर नियमभंगाचा ठपका ठेवण्यापूर्वी गावाने आपली बाके मोजावीत.

जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत तीर्थक्षेत्रांसाठी दरवर्षी तरतूद होते. तिच्यातून सभामंडप, पोचरस्ते, प्रवेशद्वारे उभी राहतात. यात्रेचे दोन-चार दिवस त्यांचा उपयोग होतो. वत्सगुल्मापासून कारंज्याच्या भांडारांपर्यंतची हकीकत सांगणारी चाळीस पानांची पुस्तिका, रविवारी उघडे राहणारे वाचनालय आणि रुजू होण्याच्या दिवशी नवख्याच्या हाती पडणारी खोल्या व खानावळींची यादी, यांसाठी एका प्रवेशद्वाराच्या कमानीइतकाही खर्च येणार नाही. मात्र या गोष्टींच्या उद्घाटनाला कोनशिला बसविता येत नाही.