लेखांक ११ : रुळांवर गर्दी का होत नाही?

आज सिमसिटी या शहर वसवण्याच्या खेळातल्या आपत्त्या घ्यायच्या होत्या. भूकंप, पूर, टोकियोत घुसणारा तो अजस्र प्राणी, सगळी सामग्री जुळवून ठेवली होती. पण डोंबिवलीच्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारलाय की बाकी सगळं बाजूला ठेवावं लागलं. ते लिहितात, "तुमच्या लेखमालेमुळे जुनं सिमसिटी उतरवून घेतलं. रस्ते तुंबले म्हणून वैतागून सगळे उखडले आणि रूळ टाकले. शहर एकदम सुधारलं. धूर गेला, जमिनीचे भाव चढले, माणसं वाढली. पण रुळांवर गर्दी म्हणून कधी होतच नाही. सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या माणसाला हे पचत नाही. काय भानगड आहे?"

ही माझी अतिशय लाडकी भानगड आहे आणि ती दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. टोकियोचा प्राणी एक आठवडा समुद्रातच थांबेल.

वाचकांनी जे केलं ते १९८९ पासून जगभरच्या खेळाडूंनी केलंय. रस्त्याची एक चौकट १० डॉलरला, रुळाची २० ला. पहिल्या दिवशी तिजोरीत सोप्या पातळीवर २०,००० असतात, अवघड पातळीवर फक्त ५,०००, म्हणून माणूस आधी रस्त्यांकडेच वळतो. पुढे हातात पैसा खेळायला लागला की बुलडोझर काढतो, आणि मग एकही रस्ता नसलेलं, नुसत्या रुळांनी विणलेलं शहर उभं राहतं. त्यात स्टेशन नाही, तिकीटघर नाही, घरापासून फलाटापर्यंतची पायपीटही नाही. घराच्या कुंपणाला रूळ टेकले की झालं.

हे कसं चालतं ते पाहायचं तर आतला प्रवासी कसा चालतो ते पाहायला हवं. आपल्याला ते पाहता येतं, कारण मूळ खेळाचा सोर्स कोड २००८च्या जानेवारीत जीपीएल परवान्याखाली खुला झाला. गरीब देशांतल्या मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पासाठी तो दिला गेला, डॉन हॉपकिन्सने तो त्यासाठी सिद्ध केला आणि नाव ठेवलं 'मायक्रोपोलिस'. विल राइटने खेळ लिहायला घेतला तेव्हा त्याचं कच्चं नाव हेच होतं. प्रोग्रामिंग थोडंफार येत असेल तर वाहतुकीचा भाग जरूर उघडून वाचा. जेमतेम काही पानांचा आहे.

तर प्रवासी. झोन म्हणजे घरं, दुकानं किंवा कारखान्यांसाठी आखलेला तुकडा, ३ बाय ३ चौकटींचा. कोपरे सोडले तर त्याच्या चार बाजूंना मिळून १२ चौकटी लागून येतात. गेम अधूनमधून झोनमधून एक प्रवासी बाहेर काढतो आणि या १२ चौकटींत कुठे रस्ता किंवा रूळ आहे का ते बघतो. नसेल तर झोनला उतरती कळा. असेल तर गडी निघाला. पण जायचं कुठे हे त्याला ठाऊक नसतं. पत्ता नाही, नकाशा नाही. फाटा आला की फासा टाकतो आणि वळतो. आल्या वाटेने लगेच मागे फिरायचं नाही, एवढंच पथ्य. वाट संपली तर थोडा मागे येतो, त्याचा दंड म्हणून काही पावलं वाया गेलेली धरतात. चालताना आजूबाजूला बघत असतो. घरातून निघालेल्याला दुकान किंवा कारखाना दिसला की तो पोचला. कारखान्यातून निघालेल्याला घर दिसावं लागतं. ३० पावलांत काही दिसलं नाही तर नाद सोडतो, आणि झोन नाराज होतो. घरून कामावर गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो की नाही, याची चौकशी कुणी करत नाही.

म्हणजे अख्ख्या शहराची वाहतूक डोळ्यांवर पट्टी बांधून चालते! त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरला हजारो माणसांचे जवळचे रस्ते शोधून काढणं झेपलंच नसतं. फासा टाकणं स्वस्त. आणि गंमत म्हणजे वरून बघताना शंकासुद्धा येत नाही. ठिपक्यांएवढ्या गाड्या धावताना दिसतात, आपण मनाशी म्हणतो, निघाली मंडळी ऑफिसला.

आता खरी मेख. प्रवासी पोचला की गेम त्याच्या मागच्या पावलांवरून उलटा येतो आणि नोंद करत जातो : या ठिकाणी वाहतूक ५० ने वाढली, त्या ठिकाणी ५० ने वाढली, असं कमाल २४० पर्यंत. काळ सरेल तशी ही नोंद आपोआप ओसरते. २४० ला टेकलेल्या जागी कधीकधी एक हेलिकॉप्टर येऊन घिरट्या घालतं आणि वाहतूक कोंडी झाल्याची बातमी देतं. मात्र नोंद करण्याआधी चौकटीचा क्रमांक तपासला जातो. रस्त्यांचे क्रमांक ६४ ते २०७. पुढे विजेच्या तारांचे. रुळांचे सुरू होतात २२४ पासून. आणि तपासणी काय म्हणते? ६४ किंवा जास्त आणि २०८ पेक्षा कमी असेल तरच नोंद करा.

संपलं. रुळांवरून प्रवासी जातो, पोचतो, झोन वाढतो, आणि वहीत एक अक्षर पडत नाही. डोंबिवलीकरांच्या शहरात गर्दी होत नाही याचं कारण ती कुणी मोजतच नाही.

आता एवढ्याशा गोष्टीचं वजन बघा. नोंद नाही म्हणजे धूर नाही, कारण धुराचा हिशेब त्या नोंदीवरच बेतलेला. साधारण वाहतुकीच्या रस्त्याची एक चौकट ५० एवढं प्रदूषण करते, तुडुंब रस्त्याची ७५. चालू कारखान्याची चौकट किती करते? ५०! सिमसिटीच्या हिशेबात वर्दळीची गल्ली म्हणजे कारखान्याची भिंत. रुळाची चौकट करते शून्य. धूर कमी की जमिनीचा भाव वर, भाव वर की गुन्हेगारी खाली, की घरं उंच, की कर जास्त. हे सारं एका तुलनेतून.

उलट ज्या कारणाने आपण कोंडीला खरोखर शिव्या घालतो ते कारण या खेळात नाहीच. रस्ता २४० वर गेला तरी कुणाला उशीर होत नाही. प्रवाशाची ३० पावलं मोकळ्या रस्त्यावर ३० आणि तुंबलेल्यावरही ३०. कोंडी म्हणजे इथे केवळ धूर आणि नागरिकांच्या तक्रारी.

बर्नचा प्रसंग ज्यांनी खेळलाय त्यांच्या डोक्यात आता दिवा पेटला असेल. साल १९६५, स्वित्झर्लंडची राजधानी वाहनांनी गुदमरलेली, आणि तुम्हाला १० वर्षांत ती सोडवायची. १० वर्षं संपली की गेम वाहतुकीची सरासरी बघतो आणि ती ठरावीक आकड्याखाली असेल तर शहराची किल्ली तुमच्या हाती देतो. रस्ते फोडा, रूळ टाका, सरासरी कोसळते. नगररचनेची बुद्धी लागतच नाही, बुलडोझरचा खर्च परवडला म्हणजे झालं. प्रसंगांमधला हा सर्वांत सोपा, असं माझं मत. खऱ्या बर्नने १८९० मध्ये रस्त्यावर ट्राम आणली, तीसुद्धा दाबलेल्या हवेवर चालणारी, पण त्यासाठी रस्ते उखडून फेकले नाहीत.

मग राइट रेल्वेभक्त होता का? काही जण या खेळावर सार्वजनिक वाहतुकीचा प्रचार केल्याचा आरोप करतात. एवढं मात्र नक्की की याचा दोष मागच्या आठवड्यात भेटलेल्या, शहराचं गणिती मॉडेल मांडणाऱ्या फॉरेस्टरवर ढकलता येणार नाही. फॉरेस्टरच्या शहराला नकाशाच नव्हता. घरं, उद्योग, माणसं हे नुसते आकडे, कोण कुणाच्या शेजारी हा प्रश्नच नाही, मग रस्ते कुठले आणि रूळ कुठले. वाहतूक ही सर्वस्वी राइटची भर. माझ्यापुरतं सांगतो, मला त्यात प्रचार दिसत नाही, काटकसर दिसते. रेल्वेची गर्दी मोजायची तर डबे हवेत, वेळापत्रक हवं, स्टेशनं हवीत. ते सगळं टाळून त्याने रुळाची किंमत दुप्पट ठेवली, वार्षिक देखभाल दुप्पट ठेवली, पाण्याखालून जाणारा बोगदा १०० डॉलर चौकट केला जिथे रस्त्याचा पूल ५० ला पडतो, आणि विषय मिटवला. खेळाडूला फरक पडतो तो एवढाच : पैसे आहेत ना, मग रूळ टाक.

स्टेशनं आली ती १९९३ च्या सिमसिटी २००० मध्ये. भुयारी रेल्वे, बस डेपो, महामार्गही तेव्हाच आले आणि कुंपणाला रूळ टेकवण्याची चैन संपली. पण माझ्या मते प्रवाशाची खरी फजिती झाली २००३ च्या सिमसिटी ४ मध्ये. तिथे शेजारशेजारची शहरं एकमेकांना जोडता येतात, आणि एका शहरातला माणूस दुसऱ्या शहरात नोकरीला जाऊ शकतो. आता समजा, अ गावचा माणूस सीमा ओलांडून ब गावात गेला. ब गावाने त्याला आपल्या पाहुण्यांत धरलं आणि नोकरीसाठी क कडे पाठवलं. क ने पुन्हा अ कडे. शहरांची जोडणी गोल असेल तर ही मंडळी फिरतच राहतात, दर फेरीत आकडा फुगत जातो आणि सीमेवरचा रस्ता कधी मोकळा होत नाही. प्रत्यक्षात नोकरी कुठेच नसते. चाहत्यांनी यांना नाव ठेवलं 'चिरंतन प्रवासी'. उपाय एकच : शहरं गोलात जोडायची नाहीत. याच खेळातले लोक वेळेपेक्षा अंतराकडे बघून वाट धरायचे, ते सुधारायला चाहत्यांनीच 'नेटवर्क ॲडऑन मॉड' लिहिलं. त्या मॉडशिवाय सिमसिटी ४ खेळू नये असं मी कुणालाही सांगेन.

२०१३ च्या सिमसिटीत तर एकेक माणूस वेगळा दाखवायचं ठरलं. मोठी जाहिरात झाली. खेळाडूंनी दोन-चार माणसांचा माग काढला तेव्हा कळलं की सकाळी हा गृहस्थ घरातून निघतो आणि जवळ जी पहिली रिकामी नोकरी दिसेल तिच्यावर रुजू होतो. संध्याकाळी सुटला की जे पहिलं रिकामं घर दिसेल त्यात शिरतो. कालचं घर वेगळं, आजचं वेगळं, बायकोमुलांचा पत्ता नाही. हजारो लोक एकाच जवळच्या दारावर धावतात आणि शेजारची गल्ली ओस. १९८९ चा आंधळा प्रवासी निदान पसरून तरी चालायचा.

हे प्रकरण निस्तरलं ते २०१५ मध्ये 'सिटीज : स्कायलाइन्स'ने. फिनलंडच्या टाम्पेरे शहरातली 'कोलोसल ऑर्डर' ही छोटीशी कंपनी त्याआधी 'सिटीज इन मोशन' नावाचे वाहतुकीचेच खेळ करत होती, आणि ते जाणवतं. माणसाचं घर ठरलेलं, नोकरी ठरलेली, आणि फलाटावर माणसं खरोखर साचतात. गाडी कमी पडली तर स्टेशनाबाहेरपर्यंत ठिपक्यांचा थवा. डोंबिवलीकरांनी हा खेळ घ्यावा, ओळखीचं काहीतरी दिसेल.

तरी पूर्ण समाधान होणार नाही, हे आधीच सांगतो. तिथल्या गाडीत क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त चढत नाही. जागा भरली की दार बंद, बाकीचे मुकाट्याने पुढच्या गाडीची वाट बघतात. मुंबई उपनगरी रेल्वेच्या गर्दीसाठी 'सुपर डेन्स क्रश लोड' अशी खास संज्ञा वापरात आहे : डब्यातल्या एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ उभे प्रवासी. हा आकडा मांडू शकेल असा एकही खेळ मी अजून पाहिलेला नाही. दारात लटकायची सोय कुठल्याच खेळात नाही.

जाता जाता, ज्यांना रस्ते पूर्ण उखडवत नाहीत त्यांच्यासाठी. रस्ता रुळाला जिथे ओलांडतो ती फाटकाची चौकट क्रमांकाने रुळांच्याच रांगेत बसते, म्हणून तिच्यावरही वाहतुकीची नोंद होत नाही. अगदी तुंबलेल्या रस्त्यावरही फाटक तेवढं मोकळं! मधूनमधून फाटकं पेरून बर्नची सरासरी किती खाली येते ते मी मुद्दाम सांगत नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत करून बघा आणि कळवा. आपत्त्या त्यानंतर, नवा प्रश्न आला नाही तर.