वाद्यावाचूनचे गाणे

धानाच्या रोपणीच्या दिवसांत बैहरच्या बाजूला कधी जाणे झाले असेल, तर बांधाच्या एका अंगाने स्त्रीकंठातून निघालेली ओळ आणि दुसऱ्या अंगाने आलेले तिचे उत्तर वाचकांनी ऐकलेही असेल. हा गोंड-बैगांचा ददरिया. काम करताना गायिला की त्याला ना मांदर लागतो ना टाळ. पद दोन चरणांचे. पहिला चरण पुष्कळदा केवळ यमकासाठी झाडापानांचे नाव घेतो, मनातले बोलणे येते ते दुसऱ्यात. आपल्या जात्यावरच्या ओवीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. मात्र ओवी माहेराकडे वळते, ददरिया प्रियजनाकडे!

असेच वाद्याविना गाणे दूर दक्षिण आफ्रिकेत झुलू मजुरांनी घडविले. गाव सोडून खाणीकारखान्यांत आलेले हे पुरुष वसतिगृहांत रात्री एकत्र गात. वर एक उंच आवाज, खाली खर्जाची भक्कम भिंत. भरवेलीची मँगनीज खाण पाहिलेल्यांना त्या श्रमाची कल्पना यावी. 1939 साली सॉलोमन लिंडा याने जोहान्सबर्गला ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गीत ध्वनिमुद्रित केले. 1961 मध्ये ‘द टोकन्स’ ह्या अमेरिकन गायकवृंदाने ते इंग्रजी शब्दांत जगभर नेले. 1994 च्या ‘द लायन किंग’मध्येही ते आले. लिंडा मात्र 1962 साली दारिद्र्यातच वारला. त्याच्या मुलींच्या पदरी काही पडले ते 2006 च्या तडजोडीने. जोसेफ शबालाला यांचा ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ हा वृंद अधिक भाग्यवान. पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’मुळे 1986 नंतर तो स्वतःच्याच नावाने जगभर गाजला.

आणि आपल्याकडे? त्याच 1939 साली व्हेरियर एल्विन यांचा बैगांवरील ग्रंथ निघाला. 1944 साली त्यांनी व शामराव हिवाळे यांनी मैकल डोंगरांतील गीते इंग्रजी अनुवादात छापली. हिवाळे मराठी, ह्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण ददरिया गाणारीचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? 2009 च्या ‘दिल्ली-6’मधील ‘गेंदा फूल’ हे छत्तीसगढी लोकगीतावर बेतलेले गाणे आज आपल्याही लग्नमांडवांत वाजते. ‘लोकगीत’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात माणसे सहज बुडतात.

बालाघाटात ज्यांची शेती आहे त्यांनी यंदाच्या रोपणीला, गाणारीची संमती घेऊन, दोन-चार ददरिये मोबाइलवर टिपून ठेवावेत. आणि तिचे नाव, गाव व तारीख त्याच दिवशी वहीत लिहावी.