हद्दीवर अडलेली बस

शाहू नाका, फुलेवाडी नाका, शिये नाका, कावळा नाका. कोल्हापूरच्या रोजच्या बोलण्यात ही नावं अजून पक्की आहेत. नाक्यांवर आता जकात कुणी मागत नाही. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला. त्याबरोबर महापालिकेच्या हातातला हक्काचा, रोज येणारा पैसा गेला. नाक्यावरची हद्द मात्र आहे तिथंच राहिली. पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी, शिंगणापूर अशा गावांतून हजारो माणसं रोज सकाळी ती ओलांडून शहरात येतात. कुणी कॉलेजला, कुणी सीपीआर रुग्णालयात, कुणी उद्यमनगरात, कुणी महाद्वार रोडवरच्या दुकानात. संध्याकाळी ती परत जातात. त्यांना आणायचं कुणी, याचं उत्तर पन्नास वर्षांत ठरलेलं नाही. ते का ठरलं नाही, हे या लेखात तपासायचं आहे.

कोल्हापूर नगरपालिका १८५४ ची. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर होतं, आजही तेवढंच आहे. १९७१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ५९ हजार होती, २०११ मध्ये ती ५ लाख ४९ हजारांवर गेली. ही फक्त हद्दीच्या आतली मोजणी. खरी वाढ हद्दीला लागून झाली. पाचगाव-मोरेवाडीच्या माळावर कॉलन्या उठल्या, उचगाव आणि गांधीनगर शहराला चिकटले, कळंब्याचा रस्ता दोन्ही बाजूंनी भरला. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर, उजळाईवाडीचा विमानतळही हद्दीबाहेर.

शहर वाढलं की हद्द वाढते, हा महाराष्ट्रातला सर्वसाधारण क्रम. कोल्हापुरात प्रस्ताव तेवढे वाढले. कधी ४२ गावं, कधी २० गावं, कधी १८ गावं आणि दोन एमआयडीसी; २०२५ मध्ये चर्चा ८ गावांवर आली. दर वेळी शहरातली हद्दवाढ कृती समिती रस्त्यावर उतरली आणि दर वेळी गावांनी बंद पाळला. २०१६ मध्ये आंदोलन टिपेला गेलं, तेव्हा देवेंद्र फडणवीस सरकारनं मधला मार्ग म्हणून प्राधिकरण पुढं केलं. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, प्रभागरचना जुन्याच हद्दीवर झाली आणि विषय पुन्हा मागं पडला. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती आणि पाच वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती होतं. बसच्या मार्गावर प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं.

दोन्ही बाजू नीट ऐकल्या तर कुणी हट्टापायी बोलतंय असं वाटत नाही. गावकरी म्हणतात, घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणं पडतील, ग्रामपंचायत जाईल आणि तिच्याबरोबर दाराशी भेटणारा सरपंचही जाईल. आहेत त्या उपनगरांना महापालिका धड रस्ते-गटारी देऊ शकत नाही, मग आम्हाला काय देणार? हा प्रश्न बिनतोड आहे. शहरवासी म्हणतात, पाणी, दवाखाना, बाजार, बस सगळं आमचं वापरायचं आणि कर तेवढा द्यायचा नाही. वर लोकसंख्या कागदावर कमी दिसते म्हणून केंद्राचा निधीही कमी. हेही खरं आहे.

राजकारण्यांची अडचण मतदारसंघाच्या नकाशात आहे. २००९ च्या निवडणुकीपासून कोल्हापूर उत्तर आणि दक्षिण असे मतदारसंघ झाले. उत्तर म्हणजे निखळ शहर. करवीर जवळपास सगळा ग्रामीण. दक्षिण मात्र अर्धा आत, अर्धा बाहेर: शहरातले प्रभाग आणि उचगाव, पाचगाव, गांधीनगर, गोकुळ शिरगाव एकाच मतपेटीत. उत्तरच्या आमदाराला हद्दवाढ हवी म्हणणं सोपं, करवीरच्या आमदाराला नको म्हणणं सोपं, आणि दक्षिणच्या आमदारानं, तो कुठल्याही पक्षाचा असो, काहीही म्हटलं तरी मतदारसंघातले निम्मे लोक नाराज. अशा ठिकाणी निर्णय पुढं ढकलणं हाच सर्वांना परवडणारा निर्णय ठरतो. फक्त थांब्यावर उभ्या माणसाला तो परवडत नाही.

कारण या भांडणात केएमटी ओढली गेली. केएमटी ही महापालिकेची परिवहन संस्था. तिकिटातून खर्च निघत नाही, तूट महापालिका भरते, आणि महापालिकेला घरफाळा फक्त हद्दीच्या आतून मिळतो. म्हणून ‘हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा’ ही मागणी हद्दवाढ समर्थकांकडून होत राहिली. तिच्यामागचा राग समजतो, पण ती मला अजिबात पटत नाही. गावची बस बंद केली तर विरोध करणारे पुढारी पायी चालणार नाहीत. त्यांच्याकडं गाड्या आहेत. बारावीतली मुलगी, घरकामाला येणारी बाई, डायलिसिसला येणारा म्हातारा थांबेल. शिवाय त्या गाडीतून उतरणारी माणसंच शहरातली दुकानं आणि कारखाने चालवतात. गावची फेरी ही शहरानं गावावर केलेली मेहरबानी नव्हे, शहराच्या पोटापाण्याचा तो भाग आहे.

बस कमी झाली की पोकळी वडाप भरून काढतं. कोल्हापुरात वडाप हा शब्द लहान पोरालाही कळतो: खासगी गाडी, भरली की निघायचं, वेळापत्रक नाही, रात्री उशिरा भरवसा नाही. वडापवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण सार्वजनिक सेवेनं सोडलेला रस्ता त्यांनी धरला. ज्याला वडाप नको त्यानं हप्त्यावर दुचाकी घेतली आणि दसरा चौक ते ताराराणी चौक या रस्त्याची संध्याकाळी काय अवस्था होते, हे आपण सगळे पाहतो. एसटी आहे, पण तिच्या गाड्या तालुक्यांच्या हिशेबानं धावतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. ही योजना एसटीची. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन सरकारी गाड्या, दोन व्यवस्थापनं आणि एकत्र वेळापत्रक नाही.

केंद्राच्या सेवा-निकषांत उत्तम पातळीसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस धरली आहे. २०११ च्या लोकसंख्येवर हिशेब केला तरी एकट्या शहराला सुमारे ३३० गाड्या लागतात. गावं धरली तर आणखी. प्रत्यक्षातला ताफा याच्या जवळपासही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली, देशभरात १० हजार गाड्यांची. कोल्हापूरच्या वाट्याला १०० आल्या. गाड्या ठेकेदाराच्या, केंद्राचं साहाय्य दर किलोमीटरमागे, दहा वर्षांपर्यंत. चांगली योजना आहे. पण डेपो, वीजवाहिनी आणि चार्जिंगच्या कामांतच पहिली दोन वर्षं गेली. आणि गाड्या धावू लागल्यावरही मूळ प्रश्न उरतोच: केंद्राच्या मदतीपलीकडचा दर किलोमीटरचा खर्च महापालिकेचा, मग ती गाडी हद्दीबाहेर किती किलोमीटर पाठवायची?

इथं रुळांकडंही वळून पाहायला हवं. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाचा पहिला फावडा १८८८ मध्ये मारला गेला तेव्हा शाहू महाराज तेरा-चौदा वर्षांचे होते. पैसा संस्थानचा होता. पंचगंगेवर पूल बांधून १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी मंजूर केला. घाट अवघड आहे, खर्च ३ हजार कोटींच्या वर जातो, हे मान्य. पण जो मार्ग आहे त्याचं काय? रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर ही गावं याच रुळांवर आहेत आणि तिथून रोज माणूस कोल्हापूर-मिरजेला ये-जा करतो. हा मार्ग अजून एकेरी आहे. गांधीनगरला लागूनच वळिवडे स्थानक आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी याच परिसरात होती. त्यांची सोय संस्थानाच्या काळात इथं होऊ शकली. आज त्याच रुळांवर तासातासाला लोकल धावावी, ही मागणीसुद्धा आपण नेटानं धरलेली नाही.

हद्दीपलीकडं बस न्यायला हद्दच वाढवावी लागते का? पुण्यात २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका वेगळ्याच राहिल्या. तूट ६०:४० अशी वाटून घेतली. पुढं पीएमआरडीए या तिथल्या विकास प्राधिकरणानंही तुटीचा वाटा उचलायला सुरुवात केली, कारण गाड्या तिच्या गावांतही जातात. पीएमपीचे दोष पुणेकर रोज सांगतात, पण गाव पालिकेत आलं नाही म्हणून बस नाही, हा वाद तिथं बराचसा मिटला. जर्मनीतल्या हॅम्बुर्गनं १९६५ मध्येच शहर आणि शेजारच्या भागांतल्या वाहतूक कंपन्यांचा एक संघ केला: एक तिकीट, एक वेळापत्रक, हद्दी आपापल्या जागी. फ्रान्सनं १९७१ मध्ये पॅरिस परिसरातल्या मालकांवर कामगारांच्या पगाराच्या प्रमाणात वाहतूक-कर बसवला. ज्यांच्या दारात कामगार पोचतो, त्यांनी पोचवण्याचा खर्च उचलायचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना हे तत्त्व लावून पाहायला काय हरकत आहे?

आपल्याकडं यासाठी नवी संस्था काढण्याचीही गरज नाही. प्राधिकरण आहेच. २०१७ पासून ४२ गावांतल्या बांधकामांना परवानगी ते देतं आणि विकास शुल्क घेतं. प्रत्येक नवा लेआउट म्हणजे रोज शहराकडं निघणारी आणखी काही माणसं. त्यांच्या रस्त्यावरच्या भाराचा पैसा प्राधिकरणाकडं जमा होतो आणि त्यांना वाहून नेण्याची तूट मात्र महापालिका सोसते. हा हिशेब चुकीचा आहे. विकास शुल्कातला ठरावीक हिस्सा केएमटीला दर किलोमीटरच्या दरानं द्यावा, गावांतल्या फेऱ्यांची संख्या करारात लिहावी, परिवहनाच्या निर्णयांत सरपंचांना जागा द्यावी. घरफाळा वाढत नाही, आरक्षण पडत नाही, ग्रामपंचायत जात नाही, आणि शहराच्या तिजोरीवरचा भारही हलका होतो.

यातून एक असा मार्ग सुरू होऊ शकेल, जो आजच्या व्यवस्थेत कुणाला सुचूच शकत नाही. केएमटीचे मार्ग शहराच्या मध्यातून बाहेर फुटतात. पण शिरोली, तावडे हॉटेल, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव ही सगळी महामार्गालगतची ओळ बहुतांश हद्दीबाहेर आहे. दोन औद्योगिक वसाहती आणि विमानतळ जोडणारी ही बस शहरात न शिरता, पाळीच्या वेळा धरून धावली पाहिजे. जिथं महापालिकेचा करदाता राहत नाही, तिथं महापालिका ती का चालवेल? आणि प्राधिकरणाला बस चालवण्याचं काम कुणी दिलेलंच नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता इथं येतात, पुढं शेंडा पार्कात कायमची इमारत होईल. त्यासाठी कोल्हापूरनं चार दशकं लढा दिला, पक्ष विसरून दिला. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळीही एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागं शहर आणि गाव एकत्र उभं राहिलं होतं. बसच्या करारासाठी तसं एकत्र यायला हद्दवाढीवर एकमत लागत नाही. नगरविकास खात्याचा एक आदेश आणि महापालिका व प्राधिकरण यांच्यातला एक करार एवढं पुरेसं आहे. तो मागण्याची सर्वांत सोयीची जागा आहे दक्षिणच्या आमदाराची, कारण हद्दीच्या दोन्ही बाजूंचे मतदार एकाच वेळी ज्यावर सही करतील असा हा त्याच्या मतदारसंघातला एकमेव ठराव असेल.