कोर्टाच्या डोक्यावरचा दिवा

मद्रासला सुरुवातीला बंदर नव्हतंच. जहाजं भर समुद्रात नांगर टाकायची आणि माणसं, पेटारे, घोडे असं सगळं काथ्यानं शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून, लाटांचे तडाखे खात किनाऱ्याला लागायचं. किनारा सपाट, त्यामुळे रात्री गाव नेमकं कुठे, हेच उमगायचं नाही. म्हणून कंपनी सरकारनं १७९६ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या एका इमारतीच्या माथ्यावर खोबरेल तेलाचे दिवे लावले. त्याच इमारतीत आज संग्रहालय आहे.

१८४४ मध्ये दिव्याला हक्काचं घर मिळालं. किल्ल्याच्या उत्तरेला ग्रॅनाइटचा उंच डोरिक स्तंभ उभा राहिला. दीपगृह म्हणून हाच सगळ्यात देखणा. पण शेजारी हायकोर्टाची लाल इमारत चढली आणि तिच्या मनोऱ्यापुढे स्तंभ ठेंगणा ठरला. १८९४ मध्ये दिवा थेट कोर्टाच्या मुख्य मनोऱ्यावर गेला. खाली दाव्यांच्या तारखा पडताहेत आणि वर जहाजांना वाट दाखवली जातेय, अशी सोय फार शहरांनी केली नसावी.

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मात्र हीच सोय अंगाशी आली. महायुद्ध पेटलं होतं, तरी शहरातले दिवे नेहमीसारखे चालू होते. जर्मन क्रूझर ‘एम्डेन’ अंधारातून आली, बर्मा ऑइलच्या टाक्यांवर तोफा डागल्या आणि अर्ध्या तासाच्या आत पसार झाली. टाक्या भडकल्या. एक गोळा कोर्टाच्या आवाराच्या भिंतीला लागला; तिथे आजही तशी पाटी आहे. नुकसानीपेक्षा धास्तीच मोठी होती. पुढचे काही दिवस लोक बायकापोरं, बोचकी घेऊन शहर सोडत होते.

खास बांधलेला स्तंभ पन्नास वर्षं चालला. उसन्या छपरावरचा दिवा मात्र ८३ वर्षं टिकला. यात श्रेय कोर्टाच्या उंचीचंच. १९७७ मध्ये मरीनावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं त्रिकोणी दीपगृह सुरू झालं आणि कोर्टावरचा दिवा कायमचा विझला. नव्या दीपगृहात लिफ्ट आहे. सुरक्षेच्या कारणावरून ते बरीच वर्षं लोकांना बंद होतं. २०१३ पासून पुन्हा तिकीट काढून वर जाता येतं. जुना ग्रॅनाइटचा स्तंभ अजून कोर्टाच्या आवारात उभा आहे, पण पक्षकारांच्या घाईत त्याच्याकडे मान वर करून बघतो कोण?