माणूस वगळलेलं दशक

फ्रांझ फानाँ यांच्या जन्माला २० जुलै २०२५ रोजी शंभर वर्षं पूर्ण झाली. मार्तिनिक बेटावर जन्मलेले, अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात काम केलेले आणि अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेलेले हे डॉक्टर. शताब्दीच्या निमित्ताने टोरंटोत बसून मी जे जे वाचलं, त्यात हिंसेवर पुष्कळ होतं, वंशावर होतं, गोऱ्यांच्या नजरेवर होतं. १९६१ सालचं त्यांचं अखेरचं पुस्तक ज्या मागणीपाशी येऊन थांबतं, तिच्यावर मात्र एखाददुसरी ओळ. युरोपची नक्कल पुरे, आता नवा माणूस घडवा, ही ती मागणी. वसाहतवादाशी जन्मभर झुंजलेल्या या लेखकाने निरोप घेताना मानवतावादच मागितला. आजच्या वसाहतोत्तर अभ्यासाला त्याची अडचण वाटते. ती अडचण वाटू लागली त्या काळात मी इथल्या विद्यापीठात होते, म्हणून हा मागोवा.

त्याला एक ताजी जखमही आहे. ८ मार्च २०२३ रोजी टोरंटोच्या सार्वजनिक शाळा मंडळाने शाळांमधल्या जातिभेदाची दखल घेणारा ठराव १६ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. यालिनी राजकुलसिंगम या सदस्येने तो मांडला होता. असं पाऊल उचलणारं कॅनडातलं हे पहिलं शाळा मंडळ. विरोध करणाऱ्यांची एक भीती समजण्यासारखी होती. वर्गात हिंदू मुलांकडे बोट दाखवलं जाईल, असं त्यांना वाटत होतं आणि त्या भीतीला उत्तर द्यायलाच हवं. पण तिच्या जोडीला आमच्या ओळखीपाळखीत, मराठी व्हॉट्सॲप गटांत आणखी एक युक्तिवाद फिरू लागला. जात ही इंग्रजांनी जनगणनेतून घडवलेली गोष्ट आहे, तेव्हा तिच्याबद्दल बोलणं म्हणजे वसाहतवाल्यांच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघणं. ही भाषा ऐकून मी हादरले, कारण ती मला नवी नव्हती. नव्वदच्या दशकात ती मला वर्गात शिकवली गेली होती.

आधीची वर्षं भराभर ओलांडते. १९५० मध्ये मार्तिनिकचेच कवी एमे सेझेर यांनी दाखवून दिलं की वसाहत करणाराच तिच्यामुळे रानटी होत जातो. १९७१ मध्ये पंतप्रधान पिएर ट्रूडोंनी बहुसांस्कृतिकतेचं धोरण जाहीर केलं. १९७८ मध्ये पूर्वेकडे बघणाऱ्या युरोपीय नजरेची चिकित्सा करणारं एडवर्ड सैद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ आलं. या सगळ्यावर ढीगभर लिहून झालं आहे.

माझ्या दशकाची सुरुवात एका भिंतीपाशी झाली. टोरंटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममध्ये नोव्हेंबर १९८९ पासून पुढच्या ऑगस्टपर्यंत ‘इन्टू द हार्ट ऑफ आफ्रिका’ हे प्रदर्शन होतं. सैनिकांनी आणि मिशनऱ्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या वस्तू त्यात मांडल्या होत्या. एका जुन्या चित्राची भलीमोठी प्रत तिथे लावलेली होती: घोड्यावर बसलेला इंग्रज अधिकारी झुलू योद्ध्याच्या छातीत तलवार खुपसतो आहे. संयोजकांचा हेतू वसाहतवाद्यांच्या मनोवृत्तीवर टीका करण्याचा होता, पण ती टीका सगळी उपरोधात, अवतरणचिन्हांत लपलेली. ज्यांना थिअरीची सवय होती त्यांना ती कळली. आपल्या मुलांना घेऊन आलेल्या काळ्या आईबापांना मात्र आपला माणूस भोसकला जाताना दिसला. दारात निदर्शनं झाली. विद्यापीठातल्या चर्चा उपरोधाच्या मर्यादांवर रंगल्या. त्या आईबापांना काय वाटलं असेल, हा प्रश्न बाळबोध ठरला. म्युझियमने माफी मागितली ती थेट २०१६ मध्ये.

त्याच १९९० च्या उन्हाळ्यात क्वेबेकमधल्या ओकाला मोहॉक या मूलनिवासी लोकांनी रस्ता अडवला. त्यांच्या पूर्वजांच्या दफनभूमीलगत गोल्फचं मैदान वाढवायचं ठरलं होतं. ७८ दिवस तो संघर्ष चालला, लष्कर आलं. वसाहत संपल्यानंतरच्या जगाचा अभ्यास आम्ही करत होतो आणि गाडीने काही तासांच्या अंतरावर वसाहत चालू होती. आम्ही भारतातून आलेली माणसंही दुसऱ्यांच्याच जमिनीवर घरं घेत होतो, हे त्या सेमिनारमध्ये कुणी उच्चारलं नाही.

जानेवारी १९९१ मध्ये नॉर्थ्रप फ्राय गेले. टोरंटोच्या व्हिक्टोरिया कॉलेजात आयुष्यभर शिकवलेले हे समीक्षक साहित्याकडे अख्ख्या मानवजातीचा सामायिक ठेवा म्हणून बघत. त्यांच्या मानवजातीत आशिया-आफ्रिकेला जागा फार थोडी होती, ही तक्रार शंभर टक्के रास्त होती. मग त्या मानवजातीची दारं उघडायची होती. आमच्या पिढीने घरच पाडलं. ‘मानवतावादी’ ही वर्गात शिवी झाली. फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोंचं नाव घेतलं की वाद मिटायचा. फानाँ वाचायचे ते हिंसेवरच्या पहिल्या प्रकरणापुरते. सैद यांचा मानवतावाद त्यांच्या विचारातली विसंगती म्हणून शिकवला जायचा.

दलित साहित्य माणूसपणावर हक्क सांगतं, असं मी एका सेमिनारमध्ये मांडलं. आमचे एक प्राध्यापक शांतपणे म्हणाले, “तो हक्क युरोपकडून उसना घेतलेला आहे.” ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन वाचला होता, हे खरं. पण १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहून त्यांनी ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात राहून या माणसाने अमेरिकेतल्या गुलामाचं आणि आपल्याकडच्या शूद्रातिशूद्राचं दुःख एका मापाने मोजलं. ही झेप पेनच्या पुस्तकात नव्हती. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी भटशाहीबरोबर गोऱ्या अंमलदारांनाही फैलावर घेतलं. १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकरांनी इंग्रजांना तोंडावर सांगितलं की तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती सुधारली नाही. परक्या सत्तेला आणि घरच्या सत्तेला एकाच दमात जाब विचारण्याचं बळ या दोघांना माणूस केंद्रस्थानी ठेवल्यामुळे मिळालं. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी महाराष्ट्रात रुजवला, तोही याच वाटेवरचा.

१९९२ मध्ये अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला ‘पॉइझन्ड ब्रेड’ हा मराठी दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह आला. त्यातल्या बाबुराव बागुलांच्या लेखाचं शीर्षकच सांगतं की दलित साहित्य म्हणजे मानवी साहित्य. त्याच्या झेरॉक्स काढून मी वर्गात वाटल्या. तासभर चर्चा झाली ती अनुवादाच्या राजकारणावर. बागुलांच्या म्हणण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

वर्गाबाहेर तरी वेगळं काय होतं? त्याच वर्षी मॉन्ट्रियलचे तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी प्रत्येक समूहाच्या अस्मितेला मान्यता मिळाली पाहिजे, असं मांडलं आणि देशभर ते मान्य झालं. आम्हा मराठी लोकांना ते फारच सोयीचं पडलं. बाहेर आम्ही ‘साउथ एशियन’, एकगठ्ठा. आत, टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या एखाद्या तळघरात, श्रीखंडपुरीच्या ताटांवरून प्रश्न यायचा, “आडनाव काय म्हणालात?” माझं आडनाव ऐकलं की तो तिथेच संपायचा. शेजारी बसलेल्या मैत्रिणीचं ऐकलं की पुढे सरकायचा, “मूळ गाव कुठलं? वडील काय करायचे?” मग ताट वाढणारीचा हात क्षणभर थबकायचा. मैत्रीण हसून विषय बदलायची. काही वर्षांनी तिने येणंच सोडलं. समूहाला मान्यता मिळाली होती. त्या समूहातल्या बाईला मिळाली नव्हती.

त्या दशकात मला धीर दिला तो यॉर्क विद्यापीठातल्या अरुण मुखर्जी यांच्या लेखनाने. वसाहतोत्तर सिद्धांत आपलं सगळं साहित्य गोऱ्या मालकाला दिलेलं उत्तर म्हणून वाचतो आणि आपल्या आपसातले अन्याय त्याला दिसत नाहीत, हे त्यांनी १९९० मध्येच ठणकावून लिहिलं. नुसतं लिहून त्या थांबल्या नाहीत. ओमप्रकाश वाल्मीकींचं ‘जूठन’ हे दलित आत्मकथन त्यांनी इंग्रजीत आणलं, ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं तेव्हा ऐकलं गेलं असतं, तर तीसेक वर्षांनी शाळा मंडळाच्या सभेत आमच्या लोकांना वसाहतवादाची ढाल पुढे करता आली नसती.

पुढची वर्षं थोडक्यात. सैद सप्टेंबर २००३ मध्ये गेले. मानवतावादाची बाजू मांडणारं त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं, तेव्हा अनेकांनी ते थकलेल्या माणसाचं लेखन म्हणून बाजूला सारलं. २०१४ मध्ये डेने या मूलनिवासी राष्ट्राच्या ग्लेन कोल्टहार्ड यांनी फानाँचाच आधार घेऊन टेलरांच्या मान्यतेच्या राजकारणाचा पाया उखडला, ते फार बरं झालं. पण सगळ्यांत मोठं काम सिद्धांताच्या बाहेर झालं. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणारा सत्य आणि सलोखा आयोग २००८ मध्ये बसला. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर त्याचे अध्यक्ष होते. दीड लाखांवर मुलं त्या शाळांत गेली होती. ज्यांना नावाऐवजी नंबराने हाक मारली जायची, अशी मुलं म्हातारी होऊन माइकसमोर उभी राहिली. साडेसहा हजारांहून अधिक साक्षी झाल्या, ९४ शिफारशी निघाल्या. जमीन आणि करार त्यांनी मागितलेच. त्याआधी त्यांनी सांगितलं की आम्ही माणसं होतो. तो हक्क युरोपकडून उसना आणलाय, असं त्यांना सांगायची हिंमत कुणाची झाली नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाने जातिभेद हा सध्याच्याच कायद्याखाली बेकायदा भेदभाव ठरतो, अशी स्पष्ट भूमिका घेतली. कायद्याने आपलं काम केलं. आता विद्यापीठांनी फानाँचं शेवटचं प्रकरण फुले आणि बागुलांच्या शेजारी ठेवून शिकवावं. मराठी मंडळांनी आंबेडकर जयंती ‘त्यांचा’ कार्यक्रम न मानता गणेशोत्सवाइतक्याच जोमाने आपल्या सभागृहात करावी. इंग्रजांकडे दोनशे वर्षांचा हिशेब मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण तो मागताना घरातल्या हजारो वर्षांच्या जातीचा हिशेबही द्यावा लागेल. ज्याची त्यासाठी तयारी नाही, त्याने फानाँचं नाव घेऊ नये.